‘सात दिवसांत गोळी बंद’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली तसा गोव्यात डिचोली-म्हापशाकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. ब्राउन शुगर (म्हणजे भेसळीचं हेरॉइन) सोडवायला देतात ती ब्युप्रेनॉर्फिनची गोळी म्हणजे नशेच्या जागी नशाच; सात दिवसांत निम्मी-निम्मी करत बंद करा, चवथीला पोरगा मोकळा.

‘नशेच्या जागी नशा.’ गोळी जिभेखाली ठेवतात. विरघळेपर्यंत पाच-दहा मिनिटं गप्प बसायचं, गिळायची नाही. गिळली तर बरीचशी वाया. मग पोरगा कामावर जातो. ब्राउन शुगर मेंदूत जिथे चिकटते तिथेच ही चिकटते, पण परिणाम अर्धवट करते, आणि एका मर्यादेपुढे डोस वाढवूनही तो वाढत नाही. शरीराला तिची सवय होते हे खरं. म्हणूनच तर ती घाईत सोडवत नाहीत.

‘सात दिवस पुरे.’ हे स्वीडनमध्ये करून पाहिलंय, निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. हेरॉइनचे 40 रुग्ण. निम्म्यांना वर्षभर रोज 16 मिलिग्रॅम. उरलेल्यांची गोळी सहा दिवसांत उतरवून बंद, पुढे औषध नसलेली गोळी. समुपदेशन दोघांनाही. वर्षाअखेर पहिल्या गटातले तीन चतुर्थांश उपचारात टिकून होते. दुसऱ्यातला एकही नाही, आणि त्यांतले चौघे दगावले.

‘निम्मी-निम्मी करा.’ 8 मिलिग्रॅमवरून 6 वर येताना बऱ्याच जणांना विशेष जाणवत नाही. 2 वरून 1 वर येताना मात्र जांभया, नाकाडोळ्यांना पाणी, अंगदुखी, रात्रभर तळमळ. टर्कीच ती, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास. त्यामुळे शेवटचे टप्पे सगळ्यांत बारीक हवेत, त्यासाठी 0.4 मिलिग्रॅमची गोळी मिळते. सगळं उतरवायला कित्येक महिने लागतात, काहींना वर्षं. मध्येच एका डोसवर थांबता येतं, पुन्हा एक पायरी चढताही येतं. कुणी कायम घेत राहिला तरी बिघडत नाही. वेग बांबोळीच्या सरकारी इस्पितळाचे किंवा तुमचे जे कुणी डॉक्टर असतील ते आणि पोरगा मिळून ठरवतील. (आणि चवथ? घर पाहुण्यांनी भरलेलं, जागरणं, जुनी टोळी गावात. याहून वाईट मुहूर्त शोधून सापडणार नाही.)

‘बंद झाली की बरा.’ खरा धोका इथे आहे. गोळी सुटली की अंगाची सहनशक्ती उतरते. पूर्वी रोज पचायचं तेवढंच ब्राउन शुगरचं माप आता श्वास थांबवू शकतं, पहिल्या काही आठवड्यांत तर विशेष. हाक मारून उठत नाही, श्वास मंदावलाय, ओठ निळे पडलेत असं दिसलं तर ‘लोक काय म्हणतील’ न बघता 108 लावा, त्याला कुशीवर वळवा आणि काय घेतलंय ते लपवू नका.