सोयच बघायची असती तर

उतारवयातल्या प्रेमावरच्या माझ्या लेखाखाली आलेल्या एका प्रतिक्रियेला हे उत्तर. दोन ओळींत भागेना, म्हणून सविस्तर लिहितेय.

प्रतिक्रिया थोडक्यात अशी: लेख निम्म्यातच संपायला हवा होता, साठीनंतरचं प्रेम हे प्रेम नसतंच, ती एकटेपणावर काढलेली सोय असते, तरुणांच्या प्रेमाला उथळ ठरवून मी माझ्याच निवडीचं समर्थन करतेय, आणि "आजी, मुलांना काय वाटेल, घरादाराचं काय, हे सोयीस्करपणे विसरलात."

महोदय, टीका करा, हवी तेवढी कडक करा. पण ते 'आजी' मायेनं आलेलं नाही, हे कळण्याइतपत वय झालंय माझं. पंचविशीतल्या कुणी प्रेमावर लिहिलं असतं, तर त्याला 'बाळा' म्हणून गप्प बसवलं असतंत का? समोरच्याचं वय काढलं की मुद्दा मांडायचे कष्ट वाचतात. असो. लेख लांबला हे मात्र खरं. मधले दोन परिच्छेद गाळले असते तरी चाललं असतं.

आता तुमची ती सोय. मी बाविसाव्या वर्षी प्रेमात पडले होते, तेव्हा सोडायला माझ्याकडे काही नव्हतंच. सवयी पक्क्या झालेल्या नव्हत्या, आणि मतं ठाम असली तरी महिन्याला बदलायची. झोपायची वेळ, पैसे ठेवायची पद्धत, भांडायची रीतसुद्धा आम्ही बरोबरच ठरवली. दोघं एकमेकांसोबत घडलो. आजूबाजूचं सगळं जग आम्हाला त्याच दिशेला ढकलत होतं. सोपं होतं हो ते! मी त्याला उथळ म्हटलेलं नाही. सोपं म्हटलंय.

नवरा गेल्यावर कितीतरी वर्षांनी, अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरा माणूस आयुष्यात आला, तेव्हा आम्ही दोघंही घडून, वापरून, जागोजागी झिजलेले होतो. मला खिडकी बंद लागते, त्याला भर थंडीत उघडी. त्याच्या टेबलाच्या खणात त्याच्या गेलेल्या बायकोचा चष्मा आहे. मधूनच तो काढतो, रुमालानं काचा पुसतो, उजेडात धरून बघतो आणि परत ठेवतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उठून दुसऱ्या खोलीत गेले होते. आता शेजारीच बसलेली असते. बाविसाव्या वर्षी मला हे जमलं नसतं. तेव्हा मला नवऱ्याच्या जुन्या मैत्रिणीचं पत्रसुद्धा खपलं नव्हतं.

मध्यंतरी त्याला रुग्णालयात दाखल करावं लागलं. फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' असा रकाना होता. मी पेन हातात धरून उभी. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "घरचं कुणी आहे का?" तिनं फोन त्याच्या मुलीला लावला आणि मी बाहेरच्या बाकावर. सोय म्हणतात ती हीच का? सोयच बघायची असती तर मी एकटीच राहिले असते. एकटीला घरात सगळं हाताशी असतं.

माझ्या एकटीच्या अनुभवावर विश्वास नसेल तर स्टॅनफर्डच्या मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टेन्सन यांचं काम बघा. 1990च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी लोकांना विचारलं, की अर्धा तास मोकळा मिळाला तर कुणासोबत घालवाल: घरच्या माणसासोबत, नव्या ओळखीच्या माणसासोबत, की नुकत्याच वाचलेल्या पुस्तकाच्या लेखकासोबत? वयस्कर लोकांचा कल जवळच्या माणसाकडे होता, तरुणांचा तसा नव्हता. पण तरुणांना 'समजा तुम्ही लवकरच एकटे दूर राहायला जाणार आहात' असं सांगितलं, की तेही जवळचं माणूस निवडू लागले. आणि वयस्करांना 'समजा नव्या उपचारांमुळे आणखी 20 वर्षं मिळाली' असं सांगितलं, की त्यांचा तो कल नाहीसा झाला. म्हणजे फरक पडतो तो किती वेळ उरलाय असं वाटतं त्यानं. पांढऱ्या केसांचा तिथे संबंध नाही. वेळ कमी दिसू लागला की माणूस ओळखीच्या उबेकडे वळतो. अशा वयात अनोळखी माणसासाठी दार उघडायचं म्हणजे स्वतःच्याच ओढीविरुद्ध जाणं. (हा निष्कर्ष माझा, त्यांचा नाही. नाहीतर त्यावरूनही लिहाल.)

राहता राहिलं तुमचं म्हणणं, की मी माझ्या साठीतल्या उत्तम दिवसांची तुलना विशीतल्या वाईट दिवसांशी करतेय. लेख पुन्हा वाचा, यापलीकडे त्यावर मला काही बोलायचं नाही.

मुलांचं आणि घरादाराचं म्हणाल, तर ते आमचं आम्ही बोललोय, कागदोपत्रीही केलंय. त्याचा हिशेब तुम्हाला द्यायला मी बांधील नाही. तुमच्या घरात कुणी असं काही ठरवत असेल आणि म्हणून राग आला असेल, तर तो त्यांच्याशी बोला.