सैन्यसंख्येचे आकडे आधी मोजून पाहावेत

पर्शियाचा सम्राट झर्क्सीस याच्या ग्रीसवरच्या इ.स.पू. ४८० च्या स्वारीत १७ लाख पायदळ होतं, हा ग्रीक इतिहासकार हिरोडोटसचा आकडा जुन्या युद्धांवरच्या एका लेखात जसाच्या तसा घेतलाय. तो आधी जमिनीवर मांडून पाहायला हवा होता. चार-चारच्या रांगा, दोन रांगांत २ मीटर अंतर धरलं तरी सव्वाचार लाख रांगा, म्हणजे ८५० किलोमीटर लांब फौज! घोडे, खेचरं, सामान वेगळंच. पायदळाखेरीज घोडदळ, आरमार, नोकरचाकर असे सगळे मिळून ५२,८३,२२० माणसं धरून रोजच्या धान्याचा हिशोब हिरोडोटसने स्वतः दिलाय: माणशी एक खोइनिक्स (धान्याचं लहान ग्रीक माप), एकूण १,१०,३४० मेडिम्नोस (त्याहून मोठं माप). एका मेडिम्नोसमध्ये ४८ खोइनिक्स, त्यामुळे भागाकार १,१०,०६७ च्या आसपास येतो. म्हणजे मूळ ग्रंथातलं गणितच चुकलेलं आहे. असे आकडे पुराव्यात धरताना फार जपायला हवं.

नेपोलियनकालीन ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्यांच्या तुलनेतही आकड्यांचा घोळ होतो. ब्रिटिशांच्या सैन्यसंख्येच्या तक्त्यांत बहुधा फक्त शिपाई आणि कॉर्पोरल मोजलेले असतात. अधिकारी, सार्जंट, ढोलवाले त्यात नसतात. फ्रेंच तक्त्यांत हे सगळे धरलेले असतात. ब्रिटिश आकड्यात साधारण एक अष्टमांश मिळवल्याशिवाय दोन्ही शेजारी ठेवूच नयेत.