मोटार बंद करा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो, असं कुणी म्हणत नाही. "मोटार चालू ऱ्हायलीया वाटतं," म्हणतात.

त्यांचंही चूक नाही. मी गाणी वाजवत नाही, आवाजांची चित्रं करतो. म्हणजे एक तार छेडायची, डिले पेडलनं तिचे पडसाद लांबवायचे आणि लूपरमध्ये, म्हणजे ऐकलेलं टिपून तेच पुन्हा पुन्हा वाजवणाऱ्या पेडलमध्ये, थरावर थर चढवत बसायचं. १९७२ साली गिटारवादक रॉबर्ट फ्रिप आणि संगीतकार ब्रायन ईनो यांनी हेच काम दोन टेप रेकॉर्डरमधून एकच फीत फिरवून केलं होतं. त्यांच्या खाली पिठाची गिरणी नसावी.

माझ्या गिटारला सिंगल कॉइल पिकअप, म्हणजे तारेची थरथर टिपणारं एकाच वेटोळ्याचं यंत्र. तारेबरोबर ते विजेची घरघरही उचलतं. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे पेटीवरच्या पांढरी पाचच्या जरासं वर. महिनाभर तिच्याशी भांडलो, मग मुकाट गिटारच तिच्या सुरात लावली. त्यावर आवाज खरखरीत करणारं फझ पेडल दाबलं, तर आजी आतून म्हणाली, "तंबोऱ्याची जवारी छान निघालीय रे." आजीनं देवल क्लबात मैफली ऐकलेल्या, त्यामुळे मी फुगलो. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "पण गवई कधी येणार?"

स्वस्तातल्या पिकअपची वेटोळी मेणात नीट बुडवलेली नसली, तर ते जवळचं बोलणंही माइकसारखं ऐकतं. हे ज्ञान मला शेजारच्या काकींनी दिलं. परवा सकाळी त्या तरातरा आल्या, गिटारवर वाकल्या आणि ओरडल्या, "आरं, मोटार बंद करा की!"

लूपर चालू होता.

मग दर आठ सेकंदांनी काकी. वर आवाज घुमवणारा रिव्हर्ब, त्यामुळे काकी जणू पन्हाळ्यावरून ओरडतायत. इतकं भारी माझ्या हातून कधीच निघालं नव्हतं. मी गॅस वाढवावा तसा व्हॉल्यूम वाढवला. खालचे काका तिथूनच काकींना समजावत होते, "वयनी, मोटार न्हाई ती, पोरगं गिटार वाजवतंय!"

जिन्यावरून पाणी माझ्या खोलीत आलं, तेव्हा कळलं की मोटार खरंच चालू होती. गच्चीवरची टाकी अर्धा तास वाहत होती.

मी प्लग उपसला, अँप कॉटवर टाकला आणि बोलणी खायला तयार झालो. काकी दारात थांबल्या. "ते माझं वरडणं त्यात ऱ्हायलंय न्हवं?"

"हो काकी. पुसतो लगेच."

"पुसू नगंस. रोज सकाळी सातला लावत जा."