हाच खुनी!

पुस्तकावर मत द्यायला अक्कल लागते, असा एक गैरसमज आहे. माझाही होता. गेल्या आठवड्यात वाचनालयातून एक रहस्यकादंबरी आणली आणि तो दूर झाला. सत्तेचाळिसाव्या पानावर डॉक्टर पहिल्यांदा येतात. बिचारे अजून दारातच छत्री झटकतायत, तोच त्यांच्या नावाभोवती निळ्या बॉलपेनने गोल, समासात दोन शब्द, 'हाच खुनी!', आणि खाली दोन रेघा. कागद फाटेल इतक्या दाबून. त्या अज्ञात वाचकाला मी गुरू केलंय. त्याच्याकडून आणि त्याच्या भाऊबंदांकडून जे शिकलो, ते तुमच्या हवाली करतो.

सगळ्यात आधी, पुस्तक वाचू नका. वाचलं की मत गढूळ होतं. मलपृष्ठ पुरे.

गोष्टीत 'मी' दिसला की तो लेखकच, हे धरून चाला. 'कोसला' 1963 साली आली. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर म्हणजे लेखक भालचंद्र नेमाडेच, हे ठासून सांगणारे अजून थकलेले नाहीत, मग तुम्हीच का मागे राहायचं? कुणा कादंबरीकाराच्या नायकाची बायको पळून गेली, की पुढच्या कार्यक्रमात त्या लेखकाच्या बायकोकडे जरा सहानुभूतीने बघा. ती शेजारच्याच खुर्चीत बसलेली असते.

कविता कळली नाही तर 'चिंतनगर्भ' म्हणा. कळली तर 'बाळबोध'.

अनुवाद हातात असेल तर मूळ लेखकाच्या भाषेचं तोंडभर कौतुक करा. 'काय शब्दकळा आहे हो त्या रशियनाची!' तुम्हाला रशियनचं अक्षर ओळखता येत नाही, हे कोण विचारतंय? आणि वाक्य अडखळलं, तर तेवढं मात्र अनुवादकाचं.

पार्सल भिजून आलं तर कादंबरीला एक तारा.

आता महत्त्वाचं. शेवट. तो सांगितलाच पाहिजे, नाहीतर आपण वाचलंय हे लोकांना कळणार कसं? सुरुवात 'शेवट सांगत नाही, पण…' अशी करावी. त्या 'पण'नंतर कोण मेलं, कुणी मारलं, सगळं येऊ द्यावं. आणि आपण शेवटपर्यंत पोचलोच नसू, तर आवाज आणखी चढवावा. हर्मन मेलव्हिलची 'मोबी डिक' ही कादंबरी 1851 मध्ये लंडनला 'द व्हेल' नावाने तीन खंडांत निघाली, तेव्हा तिचा उपसंहारच छापला गेला नव्हता. जहाज बुडालं, सगळे बुडाले, मग ही गोष्ट सांगतोय कोण, म्हणून तिथल्या काही समीक्षकांनी लेखकाला झोडपून काढलं. निवेदक वाचतो कसा, ते त्या गळालेल्या मजकुरात होतं. (घ्या, मीही शेवट फोडला. संगतीचा परिणाम.) पण त्या समीक्षकांनी हातात होतं तेवढं तरी वाचलं होतं हो! त्यांच्या प्रतीत शेवट नव्हताच. तुमच्या प्रतीत आहे. छापलेला आहे, शिवलेला आहे, तिथपर्यंत जायला फक्त बोटं हलवायची आहेत. तेवढंही होत नाही?

कारण आमच्या गुरूंचं ऐका. निळी शाई एकशे बाराव्या पानावर संपते. तिथे समासात 'बोअर' लिहिलंय, आणि त्यानंतर शेवटपर्यंत एक टिंब नाही. मी मात्र नेटाने वाचत गेलो. डॉक्टरांनी पाण्याचा पेला उचलला की दचकायचं, नाडी बघितली की संशय घ्यायचा. दोनशे साठ पानं तेवढंच केलं. आणि खुनी डॉक्टर नव्हतेच!

अरे, मग लिहिलंस कशाला? तुला नाही आवडलं, बंद कर, परत दे, घरी जाऊन चार लोकांना सांग. तुझं मत तुझ्यापाशी शंभर वेळा असू दे. पण पुस्तक सगळ्यांचं आहे, आणि माझ्यानंतर ते घ्यायला आणखी कुणीतरी येणार आहे. अर्धं वाचून निकाल देतोस, तोही पेनाने, तोही चुकीचा! लाज नाही वाटत?

खोडरबराने घासून पाहिलं. शाई हटली नाही, कागद तेवढा विरला. परत द्यायला गेलो, तर ग्रंथपालांनी नेमकं तेच पान उघडलं. आधी समासाकडे पाहिलं, मग माझ्या खिशातल्या पेनाकडे. निळं होतं.