खुर्ची दिली, पुढं काय? कोल्हापूरकरांसाठी थोडं लांबलचक

दिव्यांगांसाठी काहीतरी करायचं म्हटलं की आपल्याकडं दोनच गोष्टी सुचतात. साहित्यवाटपाचा कार्यक्रम, नाहीतर गावाबाहेरचं वसतिगृह. कार्यक्रमात व्हीलचेअर मिळते, फोटो होतो, हार-तुरे होतात. ती खुर्ची शिवाजी पेठेतल्या बोळातनं घरात शिरते का, न्हाणीघराच्या दारातनं जाते का, हे बघायला कुणी येत नाही. मला हे बघणारं माणूस हवंय, आणि ते पेठेतच बसलेलं हवंय. म्हणजे पेठेपेठेत दिव्यांगांनीच चालवलेलं एक मदत केंद्र.

वसतिगृहांचं मोल मी कमी करत नाही. नसीमादीदी हुरजूक यांनी १९८४ साली हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली, तीही स्वतः व्हीलचेअरवरून. त्यातनं किती पोरं शिकली, कमावती झाली, ते कोल्हापूरला माहीत आहे. पण शिकून कमावता झालेला पोरगा पुढं राहणार कुठं? त्याला आपल्या गल्लीत, आपल्या घरात, आपल्या मनाप्रमाणं राहायचं असेल तर त्याला हात द्यायला तिथं कोण आहे?

माझ्या मावसभावाचं सांगते. मोटारसायकलच्या अपघातात मणक्याला मार लागला आणि कमरेखालची जाणीव गेली. दवाखान्यातनं सोडलं तेव्हा हातात गोळ्यांची यादी आणि ‘फिजिओ चालू ठेवा’ एवढाच सल्ला. पुढचं सगळं मावशीनं अंगावर घेतलं. उठवणं, अंघोळ, कूस बदलणं. तरी माकडहाडापाशी जखम झालीच आणि ती भरता भरेना.

मग कुणाच्या तरी ओळखीनं एक काका घरी आले. तेही मणक्याचेच पेशंट, कैक वर्षं खुर्चीवर. त्यांनी दाखवलं, की खुर्चीच्या हातांवर जोर देऊन दर पंधरा-वीस मिनिटांनी बूड उचलायचं आणि थोडा वेळ तसंच धरायचं. रात्री आरसा घेऊन पाठीमागची कातडी स्वतः बघायची, लाल डाग दिसला की त्या जागेवर भार टाकायचा नाही. पलंग आणि खुर्चीच्या मध्ये गुळगुळीत फळी टाकून आधी चाकांना ब्रेक लावायचा, मग सरकायचं. हे त्यांनी बोलून नाही, करून दाखवलं. जाता जाता विचारलं, “सकाळी किती वाजता उठतोस?” भाऊ म्हणाला, “आई उठवंल तवा.” काका म्हणाले, “मग पयलं ते बदलूया.”

त्या एका वाक्यात सगळं आलं. जे काकांना ठाऊक होतं ते कुठल्याही डिस्चार्ज कार्डावर नव्हतं. आणि ते आमच्या घरी आले ते निव्वळ ओळख निघाली म्हणून. ज्याची ओळख निघत नाही त्यानं काय करायचं?

अमेरिकेत बर्कलीला १९७२ साली दिव्यांगांनीच चालवलेलं असं पहिलं केंद्र निघालं, ‘सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग’, म्हणजे स्वतंत्रपणे जगायला हात देणारं केंद्र. ते काढणाऱ्यांतला एड रॉबर्ट्स पोलिओमुळं मानेखाली जवळजवळ लुळा, श्वासासाठी यंत्र लागायचं. तो आणि त्याचे सोबती विद्यापीठात शिकत होते, आणि शहरात स्वतःच्या घरात राहायचं तर काय काय लागतं याची खटपट त्यांनीच केली. मदतनीस शोधून देणं, खुर्ची दुरुस्त करणं, घर बघून देणं, सरकारी अर्ज भरणं, आणि नव्यानं अपघात झालेल्याशी तशाच माणसानं बोलणं. तिथल्या कायद्यानं अशा केंद्राच्या संचालक मंडळात बहुमत दिव्यांगांचंच लागतं. मला हीच अट सगळ्यात मोलाची वाटते. नाहीतर केंद्र होतं, आणि ठरवणारे पुन्हा आपण धडधाकटच.

आपला कायदाही मागं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम ५ सांगतं, की दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी बळजबरी होऊ नये, आणि राहण्यासाठी लागणारा मदतनीस व इतर सेवा त्यांना मिळाव्यात म्हणून सरकारनं झटावं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाखांवर दिव्यांग नोंदले गेले. त्यातल्या कितींना असा मदतनीस मिळतो, हे आपापल्या गल्लीत बघा.

“घरची माणसं आहेत की करायला” असं लोक म्हणतात. आहेत ना. माझी मावशी साठीच्या पुढं गेली, कंबर धरते तिची. ‘माझ्यामागं ह्याचं कसं’ ही चिंता तिला रात्री झोपू देत नाही. सकाळी दोन तास पगारी, शिकलेला मदतनीस मिळाला तर ती आईच राहील, नर्स होणार नाही. आणि बाईमाणूस दिव्यांग असेल तर हे सगळं दुप्पट अवघड. मदतीला कोण येणार, हे तिनंच ठरवायला पाहिजे.

जागेचं म्हणाल तर कोल्हापुरात पेठेपेठेत तालमी आणि मंडळांचे हॉल आहेत. तळमजल्यावरची एक खोली, दारात रॅम्प, आत रुंद दाराचं एक संडास-बाथरूम, खुर्ची-तीनचाकी दुरुस्तीचं बाकडं आणि टेबलावर बसलेला पगारी दिव्यांग कार्यकर्ता. एवढ्यावर सुरुवात होते. अंधांना मोबाईल बोलका करून शिकवणारा, कर्णबधिरांसाठी सांकेतिक भाषा जाणणारा माणूस आठवड्यातनं ठरलेल्या दिवशी आला तरी चालेल. पैशाचं म्हणाल तर स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे ५ टक्के दिव्यांग कल्याणावर खर्चायचे आहेत. त्यातला वाटा नुसत्या वाटपावर न जाता अशा खोल्यांच्या पगारावर जावा.

शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं बोर्डिंगं उभी करायला जागा आणि पैसा दिला, आणि कारभार त्या त्या समाजाच्या मंडळींनी पाहिला. तीच रीत इथं लावा. महापालिकेनं जागा आणि पगार द्यावा, चालवतील दिव्यांग स्वतः.

आमच्या भागातल्या तालमीशी बोलणं झालंय, खोली द्यायला ते तयार आहेत. महापालिकेला द्यायच्या अर्जाचा मसुदा काका आणि माझा भाऊ मिळून लिहितायत. तुमच्या पेठेत अशी जागा असेल, किंवा काकांसारखं कुणी असेल, तर कमेंटमध्ये पेठेचं नाव टाका. अर्जात ते जोडायचं आहे.