ऑस्प्रेवाल्या फॉरवर्डमध्ये चुकीच्या गोष्टीवर राग काढलाय

अमेरिकेच्या व्ही-२२ ऑस्प्रे या लष्करी विमानावरचा मेसेज तुमच्याकडेही आला असेल: पेंटागॉनने कंपन्यांचे खिसे भरायला हे विमान सैन्याच्या गळ्यात मारलं, एक इंजिन बंद पडलं की ते कोसळतं, पैसा पाण्यात गेला आणि आता अमेरिकेने टिल्टरोटरचा (रोटर वळवून हेलिकॉप्टरसारखं उभं उडणारं-उतरणारं आणि विमानासारखं पुढे जाणारं यंत्र) नादच सोडलाय.

पहिलं म्हणजे गळ्यात मारलं वगैरे उलटंच आहे. १९८९ ला संरक्षणमंत्री डिक चेनी स्वतः हा प्रोग्राम बंद करायला निघाले होते, परवडत नाही म्हणून, वाचवला तो काँग्रेसने (त्यांची संसद हो, आपला पक्ष नाही), कारण हे बनवणाऱ्या दोन कंपन्यांपैकी बेल टेक्सासमध्ये, बोईंगचा कारखाना फिलाडेल्फियाजवळ, तिथले खासदार नोकऱ्या जाऊ देतील होय? आणि मरीन कॉर्प्सला (समुद्रातून किनाऱ्यावर उतरून लढणारं अमेरिकन दल) तर जुन्या सी नाइट हेलिकॉप्टरच्या जागी हेच हवं होतं.

इंजिनाचं म्हणाल तर दोन्ही रोटर पंखातून जाणाऱ्या शाफ्टने जोडलेत, एक इंजिन गेलं तर दुसरं दोन्ही फिरवतं. खरं दुखणं इंजिनाची ताकद रोटरला पोचवणाऱ्या गिअरबॉक्स आणि क्लचचं. २०२२ ला कॅलिफोर्नियात क्लचमुळे ५ जण गेले, नोव्हेंबर २०२३ ला जपानच्या याकुशिमाजवळ गिअरबॉक्समुळे ८, त्यानंतर सगळी ऑस्प्रे मार्च २०२४ पर्यंत जमिनीवर. हे मेसेजमध्ये का नाही?

पैशाचं मात्र अर्धं खरंय. डेव्हलपमेंटचा खर्च ४.२ अब्ज डॉलरवरून १२.७ अब्जांवर गेला, त्यात जवळपास हजार विमानं घ्यायची होती ती पाचशेच्या आत आली, म्हणून एकेक विमान १४८ टक्क्यांनी महागलं, हे त्यांच्याच सरकारी ऑडिटवाल्यांनी २००९ ला सांगितलंय. पण पाण्यात कसं म्हणायचं, २००७ ला ते इराकमध्ये कामाला लागलं, आणि वेग सी नाइटच्या जवळपास दुप्पट. राग काढायचाच तर २००० सालावर काढा ना, एप्रिलमध्ये ॲरिझोनात टेस्टिंगच्या काळात १९ मरीन गेले, डिसेंबरमध्ये अजून ४, आणि लगेच पुढच्या महिन्यात ऑस्प्रेच्याच एका स्क्वाड्रनच्या (तुकडीच्या) कमांडरला पदावरून काढलं कारण मेंटेनन्सच्या नोंदी खोट्या लिहायला सांगितल्या होत्या.

नाद सोडला म्हणे! डिसेंबर २०२२ ला अमेरिकन आर्मीने ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरच्या जागी बेलचं व्ही-२८० निवडलं, तेही टिल्टरोटरच, फक्त त्यात इंजिन जागेवर राहतं आणि रोटर तेवढा वळतो.