'ओळख नसेल तर प्रपोजल लिहू नका' म्हणणाऱ्यांना

प्राध्यापकांच्या ग्रुपवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो. संशोधनाचं अनुदान ओळखीवर मिळतं, तेही आयआयटीवाल्यांना. लिहायचंच तर जड इंग्रजीत लिहा, बजेट कमी दाखवा, आणि एकदा नाकारलं की नाद सोडा. हे वाचून तालुक्याच्या कॉलेजातले हुशार शिक्षक अर्जच करत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

मोठ्या संस्थांना झुकतं माप मिळतं, हे मला मान्य आहे. ते थोडं भरून काढायलाच सर्बने, म्हणजे संशोधनाला अनुदान देणाऱ्या केंद्र सरकारच्या मंडळाने, राज्य विद्यापीठांसाठी 'शुअर' आणि कॉलेजच्या शिक्षकांना जवळच्या राष्ट्रीय संस्थेत जाऊन काम करता यावं म्हणून 'टेअर' या योजना आणल्या. 2023च्या कायद्याने सर्बची जागा अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनने घेतली आहे, तेव्हा जाहिराती तिथे बघा.

जड इंग्रजीच्या सल्ल्याने सगळ्यात जास्त नुकसान होतं. प्रपोजल वाचणारा बहुधा तुमच्या विषयाच्या शेजारच्या विषयातला असतो आणि त्याच्यापुढे गठ्ठा पडलेला असतो. 'यवतमाळच्या भूजलातील फ्लोराइडचा सर्वंकष अभ्यास' या वाक्यातून त्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत, बोअर जितकी खोल तितकं फ्लोराइड जास्त, असा आमचा अंदाज आहे, तो तपासायला 60 बोअरचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन वर्षं तपासू, खोलीचा संबंध दिसला नाही, तर खडकाच्या प्रकाराकडे वळू. यातलं शेवटचं वाक्य बहुतेक जण गाळतात. मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण अंदाज चुकला तरी पैसे वाया जाणार नाहीत, हे वाचणाऱ्याला तिथे दिसतं.

कमी बजेटचं म्हणाल, तर साधा हिशेब करा. 2023पासून जेआरएफला, म्हणजे कनिष्ठ संशोधक विद्यार्थ्याला, महिना 37,000 आणि एसआरएफला, म्हणजे वरिष्ठाला, 42,000 रुपये आहेत. दोन वर्षं जेआरएफ आणि तिसऱ्या वर्षी एसआरएफ धरला, तर एका विद्यार्थ्याचेच 13 लाख 92 हजार होतात, घरभाडं भत्ता वेगळा. तीन वर्षांचं काम सगळं मिळून 10 लाखांत दाखवलंत, तर तुम्ही आकडेमोडच केली नाही, एवढंच त्यातून दिसतं.

राहिला नकार. अमेरिकेच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनची 150 प्रपोजल दुसऱ्या तज्ज्ञांकडून पुन्हा तपासून घेतली गेली होती. 1981 साली 'सायन्स'मध्ये छापलेला निष्कर्ष असा, की निकाल जवळपास निम्मा प्रपोजल कोणत्या तज्ज्ञांच्या हातात पडतं यावर ठरतो. हा नशिबाचा भाग झाला, ओळखीचा नव्हे. मग एकाच नकारावर विषय का सोडायचा?

माझं पहिलं प्रपोजल परत आलं तेव्हा एका तज्ज्ञाने शेरा मारला होता: नमुने कुठून घेणार ते कळत नाही. मला राग आला होता. मग पानं उलटून पाहिली, तर एकाही गावाचं नाव नव्हतं. पुढच्या वेळी गावांची यादी आणि नकाशा दुसऱ्याच पानावर घातला. त्या फेरीत कमिटीने बजेटवर तीन प्रश्न विचारले, नमुन्यांवर एकही नाही.